कुंद-रातराणीचा थंडीतला बहर दरवर्षी का हुकतो? इंदूरच्या बागेसाठी निदान आणि उपाय

तक्रार साधारण अशी असते. पावसाळ्यात झाड डोक्याच्या वर जातं, पानं हिरवीगार, फांद्या सुतासारख्या सरळ. दिवाळी होते, मार्गशीर्ष लागतो, तरी कळीचा पत्ता नाही. किंवा कळ्या धरतात आणि सकाळी परडी घेऊन जावं तर त्या मातीत पडलेल्या असतात. मग जानेवारीत नर्सरीतून फुललेलं दुसरं रोप येतं आणि पुढच्या थंडीत त्याचीही तीच गत होते.

यात रोपाचा दोष क्वचितच असतो. थंडीत उमलणाऱ्या झुडपांचा बहर थंडीत ठरत नाही. जून ते सप्टेंबर या काळात वाढलेल्या फांदीवर आश्विन-कार्तिकात कळी धरते. म्हणजे डिसेंबरात जे बिघडलेलं दिसतं ते दोन-तीन महिन्यांपूर्वीच बिघडलेलं असतं, आणि त्या वेळी खत-औषध ओतून ते परत येत नाही. इंदुरात या बिघाडाचं सगळ्यांत मोठं कारण माती नाही, पाणी नाही आणि हवाही नाही. ऑक्टोबरात चाललेली कात्री आहे.

खाली मुख्यतः दोन झाडांबद्दल लिहिलं आहे: कुंद (जॅस्मिनम मल्टिफ्लोरम) आणि रातराणी (सेस्ट्रम नॉक्टर्नम). मोगरा आणि चमेली उन्हाळा-पावसाळ्याच्या, कुंती म्हणजे मधुकामिनीचा जोर पावसाळ्यात, पारिजातक शरदातला. ही झाडं पौषात गप्प असली तर ती आजारी नाहीत, झोपली आहेत. त्यांच्यावर उपचार करत बसू नका. कुंदाचं मात्र संस्कृतातलं एक नावच ‘माघ्य’ आहे. माघात कुंदाला फूल नसेल, तर काहीतरी नक्की चुकलं आहे.

पानं भरपूर, कळी एकही नाही

पहिला प्रश्न: ऑक्टोबरात माळी आला होता का?

बागेतल्या गुलाबाची मुख्य छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते, आणि ती योग्यच आहे. हायब्रिड टी गुलाब जमिनीपासून एक ते दीड फुटावर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या) अर्धा सेंटीमीटर वर, तिरपा कापला की ४५ ते ५० दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात, फूल येतं. गुलाब नव्या फुटव्यावर फुलतो, त्यामुळे त्याला हे मानवतं. घोळ पुढे होतो. हातात कात्री असते, दिवसाची मजुरी ठरलेली असते, आणि दिवाळीआधी बाग ‘साफ’ दिसली पाहिजे असा घरच्यांचाही आग्रह असतो. त्याच झपाट्यात शेजारचा कुंद गोल कापला जातो आणि रातराणी कमरेइतकी केली जाते. कुंदाच्या ज्या शेंड्यांवर पंधरा-वीस दिवसांत कळ्यांचे घोस दिसले असते, ते सगळे त्या दिवशी कचरागाडीत जातात. नंतर रात्री थंड होत जातात, नवा फुटवा रेंगाळतो आणि तो पक्व होईतो फाल्गुन उजाडतो.

कापलं गेलं होतं की नाही हे आठवत नसेल तर झाडच सांगतं. फांदीचं टोक हातात धरून बघा. टोक निमुळतं होत शेवटच्या कोवळ्या पानजोडीत संपत असेल तर फांदी अस्पर्श आहे. टोक बोथट, त्यावर वाळलेली करडी चकती आणि तिच्या लगेच खालून दोन फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फुटलेल्या असतील तर तिथे कात्री लागली आहे. त्या दोन फांद्या वीतभराच्या आतच असतील तर छाटणी ऑक्टोबरातली समजा. दीड-दोन हात वाढल्या असतील तर जून-जुलैतली, आणि ती चूक नव्हे.

उपाय या वर्षी नाही, पुढच्या वर्षी. कुंदाची मोठी छाटणी बहर संपल्याबरोबर करायची, फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत. वाळलेल्या, आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा, उरलेल्या निम्म्या करा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर लांब सुटलेल्या फांद्यांचे शेंडे बोटाने खुडा, म्हणजे बाजूचे फुटवे येतील. फुटवे जितके जास्त तितकी कळी बसायला टोकं जास्त. १५ जुलैनंतर कुंदाला कात्री दाखवू नका. वाटेत येणारी एखादी फांदी दोरीने मागे बांधा. रातराणीलाही मोठी छाटणी मार्चमध्येच. तिच्या मधल्या बहरांनंतर फक्त फुलून गेलेली टोकं वीतभर कापली तरी चालतं, पण ऑगस्टच्या मध्यानंतर तेही थांबवा. माळी येण्याआधी कुंद-रातराणीला लाल चिंधी बांधून ठेवणं हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण तोंडी सांगण्यापेक्षा तो खूप जास्त चालतो.

छाटणी झालेली नसेल तर पुढचा संशय प्रकाशावर. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक, रात्रीचा दिवा. हा प्रश्न रातराणीचा. वनस्पतिशास्त्रात ती एका खास गटात मोडते: आधी मोठे दिवस आणि मग लहान दिवस, हा क्रम मिळाला तरच ती कळी धरते. इंदुरात जूनअखेरचा दिवस साडेतेरा तासांचा आणि डिसेंबरअखेरचा पावणेअकरा तासांचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस आखडू लागतो, तो इशारा पान टिपतं. आता कंपाउंडच्या बाहेर पांढरा एलईडी खांब असेल, किंवा गेटवरचा फ्लडलाइट रात्रभर थेट पानांवर पडत असेल, तर त्या पानांसाठी दिवस आखडलेलाच नसतो. ओळखायची खूण अशी की झाडाची दिव्याकडची बाजू रिकामी आणि आडोशाच्या बाजूला कळ्यांचे झुबके. अशी एकतर्फी रातराणी दिसली की खतांची पिशवी बाजूला ठेवा. १५ सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर दिवा आणि झाड यांच्यामध्ये रात्री गोणपाट किंवा जाड चादर टांगा, सकाळी काढा. कुंडी असेल तर सरळ उचलून घराच्या अंधाऱ्या बाजूला ठेवा. गेटचा दिवा आपलाच असेल तर त्याला हालचालीवर पेटणारा सेन्सर लावणं सर्वांत सोपं.

दोन, दिवसाचं ऊन. हा प्रश्न कुंदाचा जास्त. रोप पावसाळ्यात लावलं जातं, आणि तेव्हा वाफ्यावर छान ऊन असतं. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, भिंतीला सावलीच नसते. डिसेंबरअखेर तोच सूर्य भरदुपारीही दक्षिणेला जेमतेम ४४ अंशांवर असतो. सहा फुटी कंपाउंड भिंतीची सावली तेव्हा सहा फुटांपेक्षा थोडी लांब पडते, आणि बावीस फुटी दुमजली घराची जवळपास तेवीस फूट, तीही भर दुपारी. सकाळ-संध्याकाळी आणखी लांब. म्हणजे घराच्या उत्तरेचा वाफा, जो जूनमध्ये तळपत होता, तो ऐन बहराच्या वेळी दिवसभर सावलीत असतो. सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगरसारख्या जुन्या वसाहतींत बैठी घरं पाडून तीन मजले चढताहेत. वीस वर्षं फुलणारा कुंद एकाएकी बंद पडला तर आधी दक्षिणेच्या शेजाऱ्याची नवी भिंत बघा. कुंदाला थंडीत किमान पाच तास थेट ऊन लागतं, रातराणीचं चार तासांत भागतं. जागा ठरवायची तर डिसेंबरच्या एका रविवारी दर दोन तासांनी ऊन कुठे आहे तिथे विटेचा तुकडा ठेवत जा. पावसाळ्यात खड्डा खणताना त्या विटा उपयोगी पडतात.

तिसरं कारण नत्र (नायट्रोजन). रुंद, गडद, लुसलुशीत पानं आणि दोन पेरांतलं अंतर तीन-चार इंचांवर गेलेलं, ही नत्र जास्त झाल्याची खूण. युरिया कुणी मुद्दाम टाकत नाही, पण लॉनला टाकलेला युरिया पाण्याबरोबर शेजारच्या वाफ्यात येतोच. शेतीतल्या मोगऱ्याला वर्षाला झाडामागे ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि १२० ग्रॅम पालाश (पोटॅश) देण्याची शिफारस आहे. नत्राच्या दुप्पट स्फुरद आणि दुप्पट पालाश, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं. घरच्या जमिनीतल्या मोठ्या कुंदाला त्याहून कमीत भागतं: मार्चच्या छाटणीनंतर पाच किलो कुजलेलं कंपोस्ट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड; सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, खोडापासून फूटभर लांब गोल चर काढून मातीआड. १५ सप्टेंबरनंतर शेणखत, पेंड, गांडूळखत काही नाही.

कंपोस्टबद्दल एक टिप्पणी. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरातल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ च्या दरम्यान बसवली. तीत ढीग तीनदा पलटायचा असतो, साधारण सोळाव्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी, आणि तीन महिन्यांनी तो वापरायचा. आता घरोघरी ओल्या कचऱ्याचे डबे आहेत आणि महिना-दीड महिन्यात डबा भरला की तो अर्धकच्चा माल झाडाच्या बुडात उलटा केला जातो. अर्धकच्चं कंपोस्ट कुजताना आधी मातीतलंच नत्र ओढतं आणि मग ऐन कळीच्या वेळी ते परत सोडतं. भाजीची देठं ओळखू येत असतील आणि मूठभर माल नाकाशी धरल्यावर आंबूस वास येत असेल, तर अजून महिनाभर थांबा.

कळ्या येतात, पण उमलण्याआधी गळतात

इथे घाईने फवारणी करू नका. आधी खाली पडलेल्या दहा कळ्या उचला आणि अंगठ्याच्या नखाने बुडाशी उभ्या चिरून पाहा.

कळी आतून स्वच्छ, पांढरी-हिरवट, फक्त देठाशी पिवळी पडलेली: हा पाण्याचा हेलकावा. कळी धरल्यावर माती एकदा कोरडीठाक झाली आणि नंतर नळी सोडून तुडुंब भरली की झाड देठाशी गाठ सोडतं. कुंड्यांत हे हमखास होतं. बारा इंची कुंडीला ऑक्टोबरच्या उन्हात रोज, नोव्हेंबरात दिवसाआड आणि डिसेंबर-जानेवारीत दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं, सकाळी, खालच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. जमिनीतल्या काळ्या मातीचा हिशोब वेगळा: वर कोरड्या भेगा दिसतात आणि चार बोटं खाली चिखल असतो. खुरप्याने चार इंच खालची माती काढून मुठीत दाबा. गोळी झाली आणि चोळल्यावर लांब वळी निघाली तर आज पाणी नको. गोळी बोटाने दाबल्यावर फुटली तर द्या. कळ्या असताना बुडाशी खोल खुरपणी, कुंडी बदलणं, खत घालणं हे तिन्ही बंद.

कळीचं बूड फुगलेलं, जांभळट झालेलं, आणि चिरल्यावर आत दोन मिलिमीटरच्या पांढुरक्या वळवळत्या अळ्या: ही कळीमाशी. अळी कळीतून मातीत उतरते आणि तिथेच कोषात जाते, म्हणून कितीही फवारलं तरी पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा हजर. खरा उपाय खालून करायचा. पडलेल्या आणि फुगलेल्या कळ्या रोज वेचा, पिशवीत बांधून चार-पाच दिवस उन्हात तापवा आणि कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या डब्यात टाकल्या तर माशी तिथून परत येते. झाडाखालची वरची इंचभर माती हलक्या हाताने सैल करून वाळू द्या आणि तीत १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. १५ सप्टेंबरनंतर पेंड नको असं वर म्हटलं आहे. किडीसाठी हा अपवाद. जोडीला १५०० पीपीएम निमअर्क लिटरला पाच मिली, एक मिली पातळ साबण घालून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. फुलं पूजेला जाणार असतील तर पांढऱ्या झालेल्या कळ्या आधी तोडून मग फवारा.

कळीला गोल भोक, दोन-तीन कळ्या जाळ्याने चिकटवलेल्या, आत काळ्या डोक्याची हिरवट अळी: कळी पोखरणारी अळी. घरच्या एक-दोन झाडांवर हाताने वेचून ती आटोक्यात येते. निमअर्काची वरचीच मात्रा पुरे.

कळी लहानच राहते, सुकते, आणि पानं धुळकट-फिकट दिसतात: पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटका. कागदावर मोहरीहून बारीक ठिपके सरकू लागले तर लाल कोळी. पाऊस संपून हवा कोरडी झाली की हा येतो. रस्त्याच्या धुळीजवळच्या झाडांवर जास्त. सलग तीन सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. उरला तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारलं तर पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल किंवा तेलयुक्त निमअर्क फवारला असेल तर मध्ये तीन आठवडे जाऊ द्या.

रातराणीच्या कळीदेठांवर कापसासारखे पुंजके आणि मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण. मुंग्या थांबवल्याशिवाय तो जात नाही. आणि मुंग्या बहुतेक वेळा आपणच बोलावलेल्या असतात: चहाचा चोथा. आपल्या चहात दूध-साखर उकळलेली असते, तो चोथा तसाच कुंडीत गेला की मुंग्या, बुरशी, दुर्गंध. ‘चोथ्याने माती आम्लधर्मी होते’ हेही खरं नाही. वापरलेल्या चहापत्तीत फारसं आम्ल उरलेलंच नसतं.

फूल आहे, वास नाही

रातराणीचा वास घड्याळाने चालतो. फूल संध्याकाळनंतर उघडतं, दरवळ रात्री वाढतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. संध्याकाळी सहाला नाक लावून ‘वासच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय सुगंधी द्रव्यं हवेत उडायला ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की तेच झाड, तेवढीच फुलं, पण वास हातभर अंतरावर थांबतो. म्हणून थंडीसाठी रातराणी मोकळ्या बागेच्या टोकाला न लावता दिवसभर तापलेल्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीला लागून लावावी, खिडकीपासून आठ-दहा फुटांवर. त्याहून जवळ नको, बऱ्याच जणांचं डोकं धरतं. तिची पानं आणि फळं विषारी आहेत. लहान मुलं, गाय-बकरी यांच्या तोंडाशी येणार नाही अशी जागा बघा. सापाला रातराणीचा वास आवडतो ही समजूत तेवढी सोडून द्या. बुडाशी दाट गचपण ठेवलं तर उंदीर-बेडूक येतात आणि त्यांच्यामागे साप, पण ते कुठल्याही झाडाचं होईल. खालचा हातभर भाग मोकळा ठेवा.

कुंदाचं वेगळं. कुंदाचा वास मुळातच मोगऱ्याइतका धीट नाही, मंद आहे, आणि नर्सरीत ‘कुंद’ म्हणून मिळणाऱ्या काही रोपांना तो जवळजवळ नसतोच. पान उलटं करून उजेडात धरा: खऱ्या कुंदाची कोवळी फांदी आणि पानाची पाठ मऊ लवेची असते, फुलाखालचे हिरवे दोरे बारीक आणि लवदार असतात, फुलाला सात ते नऊ निमुळत्या पाकळ्या. पान गुळगुळीत, चकचकीत असेल तर ती दुसरीच कुठली तरी जाईची जात. लव असूनही वास नसेल तर तो त्या रोपाचा वाण. खतपाण्याने बदलणार नाही. जुन्या बंगल्यातल्या वासाच्या कुंदाची फांदी मागून आणणं हाच मार्ग, त्याबद्दल शेवटी.

वास असून थंडीमुळे जाणवत नसेल तर उमलायला आलेल्या कळ्या संध्याकाळी तोडून पसरट वाडग्यात दोन बोटं पाण्यावर सोडा आणि बंद खोलीत ठेवा. तासा-दीड तासात खोली सांगते.

पानं पिवळी पडतात आणि बहर दरवर्षी कमी होत जातो

माळव्याची काळी माती सुपीक आहे यात वाद नाही, पण ती चुनखडीची आणि अल्कलीकडे झुकणारी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत बारीक मुळं तुटतात.

पिवळेपणा कुठे आहे ते पाहा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. जुनी खालची पानं सबंध पिवळी, तर नत्र कमी किंवा मुळाशी पाणी साचतं. दुसऱ्या प्रकारात खत द्यायच्या आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि मोजा. पातळी तासाला इंचभरही उतरत नसेल तर निचरा वाईट.

अशा मातीत सर्वांत जास्त केली जाणारी चूक म्हणजे खोल खड्डा खणून त्यात हलकी, भुसभुशीत माती भरणं. पुस्तकात बरोबर, काळ्या मातीत उलटं. चारही बाजूंची चिकण माती भांड्याच्या भिंतीसारखी, मध्ये स्पंज. पावसाळाभर रोप बादलीत उभं. त्याऐवजी खड्डा दीड फूट लांब-रुंद, खोल फक्त एक फूट, आणि वर नऊ-दहा इंच उंच, तीन फूट रुंदीचा उंचवटा. भरायला एक घमेलं तीच काळी माती, एक घमेलं जाड मुरूम, एक घमेलं कुजलेलं कंपोस्ट. बारीक रेती नको. चिकण मातीत थोडी बारीक रेती मिसळली की वीट तयार होते. उंचवट्याच्या एका बाजूने पाणी निघून जाईल अशी चार इंची चारी काढा. तीन वर्षांपर्यंतचा कुंद फेब्रुवारीअखेरच्या छाटणीबरोबर मातीच्या गड्ड्यासह उचलून अशा उंचवट्यावर बसवता येतो.

लोहाच्या बाबतीत आधी चुन्याची परीक्षा. चमचाभर कोरडी माती स्टीलच्या वाटीत घ्या, वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. सोडावॉटरसारखे बुडबुडे फसफसले तर माती चुनखडीची. अशा मातीत दुकानातलं साधं ईडीटीए लोह मातीतून देणं म्हणजे पैसे पाण्यात. ते तिथे टिकत नाही. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं, गडद तांबडी भुकटी, मोठ्या झाडाला दहा ग्रॅम दहा लिटर पाण्यात, संध्याकाळी. स्वस्त पर्याय पानांवर: लिटरभर पाण्यात एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून मग पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), लगेच, उन्हं उतरल्यावर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. द्रावण तांबूस झालं तर फेका, ते निकामी झालेलं असतं. फरशीवर डाग पडतात, कुंडी आधी बाजूला घ्या.

पाण्याचंही बघा. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी झाडांना बरं. बोअरचं जड पाणी कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढवतं. सगळ्यांत वाईट म्हणजे आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. कुंडीवर पुट दिसलं तर बादली-दोन बादल्या चांगलं पाणी सावकाश ओतून क्षार खालून वाहून जाऊ द्या, वर्षातून दोनदा, मार्च आणि जूनमध्ये.

जानेवारीत शेंडे काळे पडतात

इंदुरात थंडीच्या लाटेत एखाद-दोन रात्री पारा पाचाच्या आसपास किंवा खाली जातो. कुंद हे निभावतो, रातराणीचे कोवळे शेंडे करपतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशी रात्र दिसली की दुपारी बुडाशी हलकं पाणी द्या आणि अंधार पडताना काठ्यांवर जुनी चादर टाका, पानांना न टेकता. प्लॅस्टिक नको, त्याखालची पानं जास्त जळतात. काळे शेंडे लगेच कापू नका. ते खालच्या डोळ्यांना आडोसा देतात, आणि कापल्याने फुटलेला कोवळा फुटवा पुढच्या लाटेत जातो. फेब्रुवारीअखेरच्या छाटणीत सगळं एकदम.

बाहेरची थंडीची झाडं

विंटरस्वीट, डॅफ्ने, विच हेझल यांची रोपं आणि बिया हल्ली ऑनलाइन दिसतात, फोटो मोहक असतात. ही थंड प्रदेशांतली झुडपं. दीर्घ गारवा मिळाल्यावर फुलणारी, आणि मेमधल्या आपल्या चाळीस-बेचाळीस अंशांत तग न धरणारी. पैसे वाचवा.

वासाचं झाड वाढवायचं तर

चांगला वास असलेला कुंद सापडला की दाबकलम सर्वांत खात्रीचं. जुलैत जमिनीलगतची पेन्सिलीएवढी फांदी वाकवा, एका डोळ्याखाली चाकूने तिरपी अर्धी चीर द्या, चिरेत आगकाडीचा तुकडा अडकवा, तो भाग दोन इंच मातीत दाबून वर वीट ठेवा. टोक बाहेर, काठीला बांधलेलं. पावसाळाभर ओल राहू द्या. सप्टेंबरअखेर वीट उचलून माती हलकेच बाजूला केली की पांढरी मुळं दिसतात. मुळांच्या बाजूने, आईझाडाकडचा भाग तोडा, पण रोप लगेच हलवू नका, आठवडाभर तिथेच राहू द्या आणि मग आठ इंची कुंडीत घ्या. फांदी मागून आणलेली असेल तर सहा-सात इंचांच्या, तीन डोळ्यांच्या काड्या करा, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत, एक वर. मुरूम आणि कंपोस्ट समभाग, सावलीत, महिना-दीड महिना. दहा काड्या लावल्या तर निम्म्या लागतील असं धरून चाला. पहिल्या थंडीत त्यांच्यावर कळी दिसली तर खुडून टाका, दुसऱ्या थंडीपासून ठेवा.